सर्दीसाठी तीन वर्षं

"सर्दीसाठी कुणी तीन वर्षं औषध घेतं का?" बाबांनी फोनवर विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. ॲलर्जीवर रोज जिभेखाली धरायच्या औषधाबद्दल मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

आम्ही लहान होतो तेव्हा घर जागं व्हायचं ते बाबांच्या शिंकांनी. अंथरुणातून पाय खाली टेकवला की पहिली, लगोलग दुसरी, तिसरी, आणि एकदा लागल्या की दहा-बारा सटासट. मग नाक शिंकरल्याचा आवाज, नळाचं पाणी, खाकरणं. आई आतून म्हणायची, "उठले." तासाभरात सगळं थांबायचं आणि बाबा दिवसभर ठणठणीत असायचे, निदान आम्हाला तसं वाटायचं. 'त्यांचा सर्दीचा कोठाच आहे' या एका वाक्यात तो विषय मिटलेला होता. खिशात दोन रुमाल ठेवायचे, एक वापरायचा आणि एक चारचौघांत काढायचा, ही त्यांची पद्धत मी इतकी वर्षं पाहिली की सगळेच दोन रुमाल ठेवतात असं मी धरून चालले होते.

माझं सुरू झालं विशीत. सर्दी म्हणते खरी, पण ती सर्दी नव्हे हे कळायला पुढची पंधरा वर्षं गेली. सर्दी येते, चार-आठ दिवस छळते आणि जाते. अंग मोडून येतं, कणकण असते. हिला कणकण नाही, ताप नाही, आणि ही जात नाही. नाक पाण्यासारखं गळतं आणि खाज सुटते. खाज हीच तिची खरी ओळख. नाकात, डोळ्यांच्या कोपऱ्यांत, कानाच्या आत जिथे बोट पोचत नाही तिथे, आणि टाळूला. टाळूची खाज ज्याला होते त्यालाच ती कळते. जीभ मागे वळवून टाळूवर घासायची, घशातून टकटक असा काहीतरी आवाज येतो, क्षणभर बरं वाटतं, की पुन्हा सुरू. बाबाही तो आवाज काढायचे. लहानपणी मला ती त्यांची सवय वाटायची.

मी शाळेत शिकवते. दिवसाचे पहिले दोन तास कविता शिकवताना म, न, ण ही सगळी अक्षरं नाकातून नीट यायची नाहीत. मुलं वहीत भलतंच लिहायची. पण शिंकांपेक्षा जास्त खायची ती रात्र. नाक चोंदलेलं माणूस झोपतं, पण त्याची झोप होत नाही. तोंड उघडं, घसा कोरडा, या कुशीवर वळलं की वरची नाकपुडी जरा मोकळी, थोड्या वेळाने तीही बंद. सकाळी उठायचं ते दमूनच. एकदा सलग तीन रात्री अशा गेल्यावर मी रजेचा अर्ज दिला, तेव्हा समोरच्या वरिष्ठांनी कारणाचा रकाना वाचून मान वर केली आणि विचारलं, "सर्दी?" पुढे काही बोलले नाहीत, रजाही दिली. पण त्यानंतर मी त्या कारणासाठी अर्ज केला नाही. डोकं दुखतं, पोट बिघडलं असं लिहू लागले. ज्या दुखण्याने कुणी मरत नाही, जे दिसायला किरकोळ, त्याची दखल घ्यायला लावणं फार अवघड असतं. आधी आपल्याच मनात अवघड असतं.

गोळ्या घेतल्या. जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि झोप आणतात. दुपारच्या तासाला फळ्याकडे तोंड करून मी डोळे मिटलेले आहेत. नव्या गोळ्यांनी तेवढी गुंगी येत नाही, त्यांनी शिंका आणि खाज आटोक्यात यायची, पण चोंदलेलं नाक त्यांना फारसं दाद देत नाही. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा त्यासाठी चांगला, हे मी मनापासून सांगते, कारण 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून मी तो कित्येक वर्षं टाळला आणि घेतला तेव्हा चुकीचा घेतला. मान मागे टाकून मारला की औषध सरळ घशात उतरतं. मान जरा पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, आणि नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. एवढं कुणी दाखवायला दोन मिनिटं लागतात. मला ती दोन मिनिटं देणारी व्यक्ती पस्तिसाव्या वर्षी भेटली.

त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शिंका कधी येतात? कुठे येतात?" मी म्हटलं, सकाळी, उठल्याउठल्या. "आणि गादी झटकताना? कपाट आवरताना? उन्हात बाहेर फिरताना?" मला आठवावं लागलं. बाहेर फिरताना मी बरी असायची. घरात, त्यातही अंथरुणात, वाईट. त्यांनी चाचणीची तारीख दिली आणि आधी आठ दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवायला सांगितलं. ते आठ दिवस कसे गेले ते सांगत नाही.

चाचणीच्या दिवशी हात टेबलावर उताणा ठेवला. नर्सबाईंनी कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने दोन रांगांत आकडे लिहिले आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला. थेंब सगळे सारखेच, पाण्यासारखे. कशात गवताचे पराग, कशात बुरशी, कशात झुरळ, कशात मांजराच्या अंगाचा कोंडा. मग एका बारीक टोचणीने प्रत्येक थेंबातून कातडीला नुसतं उचकल्यासारखं केलं. रक्त आलं नाही. दोन थेंब वेगळे होते. एकात नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही उठायला नको. एकात हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं ते खाज आणि सूज आणणारं रसायन, तिथे गांध उठलीच पाहिजे. "हे दोन साक्षीदार खरं बोलले तरच बाकीच्यांचं ऐकायचं," डॉक्टर म्हणाल्या. पंधरा मिनिटं हात न खाजवता बसायचं होतं. पाचव्या मिनिटाला सात आणि आठ या आकड्यांशेजारी कातडी फुगायला लागली. डास चावल्यावर येते तशी, पांढरट, कडेने लाल, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढणारी. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटरने मोठी गांध आली तर ती धरतात. माझी नऊ होती. बाकी सगळा हात स्वच्छ.

मी त्या दोन गांधींकडे बघत राहिले. पंधरा वर्षांचं दुखणं हातावर दिसत होतं, त्याला कडा होत्या, पट्टीने मोजता येत होतं. मला रडू आलं. नर्सबाईंना वाटलं हात फार खाजतोय, त्यांनी मलम लावलं.

सात आणि आठ म्हणजे घरातल्या धुळीतले किडे, त्यांच्या दोन जाती. किडे म्हणायचे, पण हे कोळ्यांच्या कुळातले, आठ पायांचे, लांबीला जेमतेम पाव मिलिमीटर. शास्त्रीय नाव डर्मॅटोफॅगॉइडिस, ग्रीकमधून आलेलं, अर्थ साधारण 'कातडी खाणारा'. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून रोज झडणारा कातडीचा भुगा खाऊन जगतात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतात, म्हणून दमट हवा त्यांना मानवते आणि आपल्या अंगाची ऊब व घाम मुरलेली गादी तर फारच. १९६४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटाने घरच्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ या जिवात आहे असं पुढे आणलं. त्याआधी सगळे नुसतं 'धूळ' म्हणत होते. त्रास देतात ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांतली प्रथिनं. त्यातलं एक तर पचनाचा विकर (एन्झाइम) आहे, जो नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करून आत वाट काढतो. कूस बदलली, चादर ओढली, उशी थोपटली की हे कण उडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतात. बाबांची पहिली शिंक पाय खाली टेकवताना का यायची, ते त्या दिवशी मला कळलं.

मग घरात जे करायचं ते केलं. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुणं, गादी-उशांना घट्ट विणीची आवरणं, जाड पडदे काढणं. थोडा फरक पडला. पण एकट्या आवरणांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. २००३ साली नेदरलँड्समध्येच नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत आवरणांमुळे गादीतले ॲलर्जीकारक कण कमी झाले, माणसांचा त्रास मात्र साध्या आवरणांपेक्षा वेगळा कमी झाला नाही. मी आवरणं अजून ठेवली आहेत. मनाला बरं वाटतं.

डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत तिसरा रस्ता सांगितला. ज्या किड्याची ॲलर्जी आहे त्याचाच अर्क रोज ठरलेल्या मात्रेत जिभेखाली धरायचा. थेंब किंवा गोळी. रोज एकदा. तीन वर्षं. शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे काट्याने काटा काढायचा." दुसरीने विचारलं, "होमिओपॅथी का ही?"

हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की इथे थांबून उत्तर द्यावंसं वाटतं. नाही, ही होमिओपॅथी नव्हे, आणि फरक मात्रेचा आहे. तिथे द्रव्य विरळ करत जातात. इथे भरपूर द्यावं लागतं. जिभेखालून देताना एकूण मात्रा इंजेक्शनच्या कित्येक पट लागते. कमी मात्रेचे थेंब दिले तर उपयोग होत नाही, आणि म्हणूनच 'जिभेखालचे थेंब' एवढ्या शब्दांवर कुणी विश्वास ठेवू नये. कशाचा अर्क, किती शक्तीचा, कुठल्या चाचण्यांतून गेलेला, हे विचारावं. धुळीतले किडे, गवताचे पराग, रॅगवीड हे तण, बर्च आणि जपानी सुगी हे वृक्ष यांच्या बाबतीत भक्कम पुरावा आहे. दहा-बारा गोष्टींचे अर्क एका बाटलीत मिसळून देतात, त्यामागे तेवढा नाही. माझ्या हातावर दोनच गांधी उठल्या हे माझं नशीब.

या उपायाची गोष्ट जुनी आहे आणि मला ती आवडते, कारण तिच्यात पहिले धडपडणारे स्वतः रुग्ण होते. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने लंडनमध्ये एका विचित्र उन्हाळी आजाराचं वर्णन वाचून दाखवलं, डोळे लाल, शिंका, छातीत आवळणं. रुग्ण ते स्वतःच होते. नऊ वर्षं शोधून त्यांना असे अठ्ठावीसच रुग्ण सापडले. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलींनाही हाच त्रास. (ते मात्र खरोखर होमिओपॅथीचे डॉक्टर होते.) त्यांनी स्वतःच्या हातावर ओरखडे काढून त्यात पराग चोळले, पतंगांना चिकट काचा बांधून उंचावरच्या हवेतले पराग पकडले, आणि १८७३ मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं. चुकीचं उत्तर मिळेल म्हणून थांबलेला माणूस स्वतःच्या हातावर ओरखडे काढत नाही. मग १९११. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचून पाहिला. फरक पडतोय का हे मोजायला ते तोच अर्क रुग्णाच्या डोळ्यात थेंबाने घालत. किती पातळ केला तरी डोळा लाल होतो, हा हिशोब. उपचार जसा लागू पडेल तसा डोळा जास्त तीव्र अर्क सहन करायचा. नून यांची समजूत अशी होती की परागांत विष असतं आणि शरीर त्याच्यावर उतारा तयार करतं. ती समजूत चुकीची निघाली, पद्धत बरोबर होती. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, ते क्षयाने गेले. काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं.

इंजेक्शनं चालली, आजही चालतात, आणि काहींसाठी तीच योग्य. पण त्यांत एक धोका आहे. ज्याची ॲलर्जी तेच कातडीखाली जातं, आणि क्वचित सगळं अंग एकदम पेटून उठतं. १९८६ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९५७ पासूनचे २६ मृत्यू मोजले आणि इंजेक्शननंतर रुग्णाला दोन तास थांबवून ठेवण्याची, जीव वाचवायची साधनं जवळ ठेवण्याची अट घातली. तिथे हा उपचार जवळजवळ थंडावला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये धुळीतल्या किड्यांचा अर्क जिभेखाली देऊन पाहिल्याची चाचणीही छापून आली. सुई नाही म्हणून नव्हे, सुरक्षित म्हणून जीभ पुढे आली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तो पर्याय मान्य केला, २००६ मध्ये युरोपात गवताच्या परागांची गोळी आली, २०१४ मध्ये अमेरिकेत अशा गोळ्यांना परवानगी मिळाली, २०१७ मध्ये तिथे धुळीतल्या किड्यांच्या गोळीला.

पण जिभेखालीच का? मला हे समजून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी कागदावर तोंडाचं चित्र काढलं. तोंड हे असं दार आहे की त्यातून रोज तीनदा परक्या वस्तू आत येतात आणि शरीर हरकत घेत नाही. घेतली असती तर आपण जेवूच शकलो नसतो. त्या अस्तरात एक विशिष्ट प्रकारच्या, फांद्या फुटलेल्या पेशी पसरलेल्या असतात. त्या आलेली वस्तू उचलतात, मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे दाखवतात. तोंडाच्या अस्तराला दाखवताना 'याच्याशी भांडू नका' असं सांगायची सवय आहे. नाकात मात्र ॲलर्जीचा भडका उडवणाऱ्या मास्ट पेशी दबा धरून बसलेल्या. त्यांच्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं आकड्यांसारखी लटकलेली. किड्याचं प्रथिन आकड्यांत अडकलं की पेशीतलं हिस्टामिन बाहेर सांडतं, आणि शिंक. जिभेखालच्या भागात या मास्ट पेशी कमी. त्यामुळे तिथे मोठी मात्रा ठेवली तरी सहसा भडका उडत नाही.

मग महिनोन्‌महिने रोज तोच निरोप गेला की नियंत्रण ठेवणाऱ्या टी पेशी तयार होतात, आणि आयजीजी-४ नावाची दुसरी प्रतिपिंडं वाढतात. ती किड्याचं प्रथिन वाटेतच धरतात, आकड्यापर्यंत पोचू देत नाहीत. गंमत म्हणजे सुरुवातीला आयजीई वाढतंच, नंतर सावकाश उतरतं. गोळी शिंक दाबते, फवारा सूज उतरवतो, त्यांचं काम तेवढ्या दिवसापुरतं. हा उपचार मात्र मुळाशी जाऊन शरीराचं मत बदलायला बघतं. आणि मत बदलायला वेळ लागतो, हे मला शिक्षिका म्हणून नवीन नव्हतं.

पहिली गोळी दवाखान्यातच घ्यायची असते, अर्धा तास बसवून ठेवतात. ही गोळी पाकिटातून दाबून काढायची नाही, चुरा होतो. मागचा कागद सोलायचा, कोरड्या बोटाने अलगद उचलायची. बोट ओलं असलं तर बोटावरच विरघळायला लागते. वजन असं नाहीच तिला. जिभेचं टोक वर टाळूला लावायचं आणि खालच्या त्या मऊ खळग्यात ती ठेवायची. काही सेकंदांत ती नाहीशी होते, राहतो फक्त ओलावा. एक मिनिट गिळायचं नाही. पुढची पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही.

ते पहिलं मिनिट मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघून काढलं. न गिळता साठ सेकंद राहणं किती लांब असतं ते करून बघावं. वीस सेकंदांनी जिभेखाली मुंग्या आल्या. चाळीसला खाज. गिळल्यावर ती घशाशी आली, तिथून कानात. ओठ किंचित जड झाले. मी घाबरले, डॉक्टर शांत होत्या. "हे बहुतेकांना होतं, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, गरगरलं, तर मात्र लगेच." अर्ध्या तासात सगळं निवळलं. पंधरा-वीस दिवस रोज असं झालं आणि मग एक दिवस खाज आलीच नाही. आणखी काही गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या होत्या. तोंडात फोड आला, दाढ काढली, तर भरेपर्यंत थांबायचं. घास अडकायला लागला, गिळताना छातीत दुखलं तर बंद करून कळवायचं, कारण अन्ननलिकेला क्वचित त्यातून सूज येते. दमा काबूत नसेल त्याने हे सुरूच करू नये. गरोदरपणात सुरुवात करत नाहीत. हे सगळं त्यांनी माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं.

आणि शेवटी म्हणाल्या, "अवघड हे काहीच नाही. अवघड दुसरं वर्ष आहे."

त्या वेळी मला ते कळलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत उत्साह असतो. चौथ्या महिन्यात फरक दिसू लागला. तो कसा दिसला ते सांगायचंच आहे मला.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची. रविवारी सकाळी तिची वेणी घालत होते, केस विंचरताना ती मागे रेलली आणि तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. मला वास आला. केसांचा, घामाचा, झोपेचा, थोडासा लोकरीचा. कंगवा हातात तसाच राहिला. ती जन्मली तेव्हा आई, सासूबाई, शेजारच्या काकू, जो तो तिला उचलून टाळूला नाक लावायचा आणि म्हणायचा, काय गोड वास येतो बाळाला. मी मान हलवायची. माझं नाक तेव्हा महिनोन्‌महिने बंद होतं. मला तो वास कधी आलाच नाही, आणि हे मी कुणाला बोलले नाही, कारण बाळ धडधाकट असताना 'मला तिचा वास येत नाही' ही तक्रार कुणाकडे करायची? सहा वर्षांनी तो आला. बाळाचा नव्हता, ते दिवस गेले ते गेलेच. पण तिचा होता. ती म्हणाली, "आई, घाल ना." मी म्हटलं, "थांब जरा."

त्यानंतर दुसरं वर्ष आलं, आणि डॉक्टरांचं म्हणणं उमगलं. बरं वाटत असतं. शिंका येत नाहीत. मग ही गोळी कशासाठी? डोकेदुखीची गोळी डोकं दुखलं म्हणून घेतो; इथे काहीच दुखत नसताना, रोज, एक मिनिट. प्रवासाला गेले आणि पाकीट घरी राहिलं. परीक्षांच्या धामधुमीत आठवडाभर विसरले. एकदा दहा दिवस खंड पडला आणि मला वाटलं, जाऊ दे, आता पुरे. नेदरलँड्समधल्या साडेसहा हजारांहून थोड्या कमी रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास आला होता. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २३ टक्के तीन वर्षांपर्यंत पोचले. जिभेखालचं औषध घेणाऱ्यांपैकी ७ टक्के. शंभरातले सात! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या त्र्याण्णवांचा राग आला नाही. मी त्यांच्यातली एक होण्याच्या बेतात होते. इंजेक्शनवाल्याला निदान दवाखान्यातून बोलावणं येतं, कुणी वाट बघत असतं. घरी घ्यायच्या गोळीची वाट कुणी बघत नाही.

आणि अर्धं करून सोडलं तर? याचं उत्तरही आहे. गवताच्या गोळीच्या एका चाचणीत तीन वर्षं उपचार करून बंद केल्यावर पुढची दोन वर्षं फायदा टिकलेला दिसला. २०१७ मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत, १०६ जणांत, दोनच वर्षं उपचार दिले. तिसऱ्या वर्षी ते आणि खोटं औषध घेणारे यांच्यात फरक उरला नव्हता. दोन वर्षं घेताना बरं वाटतं, थांबलं की ओसरतं. मी हिशोब केला. तीन वर्षं, रोज एक मिनिट, म्हणजे सगळे मिळून सव्वाअठरा तास. मी एका महिन्यात तेवढा वेळ नाक शिंकरण्यात घालवला असेल. गोळीचं पाकीट दात घासायच्या ब्रशशेजारी आणून ठेवलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक ठिपका. मुलीने ठिपके द्यायचं काम स्वतःकडे घेतलं.

मी पूर्ण बरी झाले असं लिहिणार नाही. जुनं कपाट उपसलं की आजही शिंका येतात, वर्षातून काही आठवडे फवारा लागतो. चाचण्यांमध्येही सरासरी फायदा ठोस असला तरी प्रचंड नसतो, आणि काहींना मुळीच लागू पडत नाही. वर्षभर घेऊन ज्याला तसूभर फरक नाही त्याला डॉक्टर थांबवतात. पण माझी रात्र मला परत मिळाली. पहिल्या तासाची ण आणि म मला परत मिळाली.

आणि मग मुलगी. आठव्या वर्षी ती हाताचा तळवा उभा धरून नाकाचा शेंडा खालून वर चोळायला लागली. नाकाच्या मधोमध एक आडवी पुसट रेघ उमटली. मी ती रेघ ओळखली. बाबांच्या नाकावर ती अजून आहे, माझ्या लग्नातल्या फोटोत माझ्याही. या वेळी मी पंधरा वर्षं थांबले नाही. तिच्या चिमुकल्या हातावरही सात आणि आठ याच दोन आकड्यांशेजारी कातडी फुगली, आणि ती मला म्हणाली, "आपली सेम आहे." लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना दम्याची काळजी जास्त, नाक आणि फुप्फुसं एकाच नळीची दोन टोकं. गवताच्या गोळीची ८१२ मुलांवर पाच वर्षं चाचणी झाली होती. दमा सुरू होणंच त्या गोळीने पुढे ढकललं असं ठरलं नाही, पण दम्याची लक्षणं आणि दम्याच्या औषधांचा वापर कमी राहिला. डॉक्टरांनी हे जसंच्या तसं सांगितलं, वाढवून नाही. तिला दमा नव्हता, तिला कळत होतं काय करायचं ते, आणि रोज समोर बसणारी आई होती. आम्ही सुरुवात केली.

तिचं मिनिट रात्री साडेआठला असतं. बाबांचा फोनही साधारण तेव्हाच येतो. तिला आजोबांशी बोलायचं असतं आणि जिभेखाली गोळी असते, तेव्हा ती फोन कानाला लावून नुसती बसते आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून मिटत जाते, पाच झाली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मी बाबांना सांगितलं, "एक मिनिट थांबा, तिला बोलता येणार नाही." आता सांगावं लागत नाही. फोन उचलल्यावर पलीकडून 'हॅलो' आलं नाही की ते ओळखतात. मी शेजारी बसलेली असते, मला त्यांचा श्वास ऐकू येतो, थोडा चोंदलेला. ती बाराव्यांदा बोटं मिटते, गिळते, आणि म्हणते, "हां आजोबा, बोला."